पडद्यातली बसायची जागा

माझं डोकं लवकर फिरतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शहाणपण शिकवायला नको. पण त्या संध्याकाळी संग्रहालयात जे पाहिलं, ते पाहून एखाद्या थंड डोक्याच्या माणसाचंही फिरलं असतं. फिरलं नाही ते फक्त आमच्या ह्यांचं, आणि पडदे तर ह्यांचेच होते. हे त्या पडद्यासमोर उभे राहिले, चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि संचालिकाबाईंना म्हणाले, "छान झालंय."

छान! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पडदे म्हणजे खिडकीचे नव्हेत. पूर्वी फोटोच्या स्टुडिओत मागच्या भिंतीवर रंगवलेले मोठाले पडदे टांगलेले असायचे, ते. संगमरवरी जिना आणि मागे बाग. तळं आणि तळ्यात होडी. चंद्र, ढग, विमान, कधीच कुणी न पाहिलेला राजवाडा. माणसं ठेवणीतले कपडे घालून त्यापुढे बसायची, श्वास रोखून फोटो काढून घ्यायची आणि घरी जाऊन पुन्हा फाटके कपडे घालायची. घरी जिना नसला तरी फोटोत जिना असायचा.

आमचे हे औषधांच्या कंपनीचे फिरते विक्रेते होते. डॉक्टर भेटायला वेळ देईपर्यंत बाजारपेठेत भटकायचे. त्या वर्षांत जुने स्टुडिओ एकामागून एक बंद पडत होते आणि पडदे कुणी ट्रकवर ताडपत्री म्हणून घालत होतं, कुणी कोंबड्यांच्या खुराड्यावर. ते पडदे हे मागून घेऊन यायचे. शेजारणींचे नवरे गावाहून येताना बायकोला काहीतरी आणायचे. माझा नवरा खांद्यावर लांबच लांब गुंडाळी घेऊन दारात उभा राहायचा, आणि दुसरं टोक धरून ती जिन्यातून वर चढवायला मी.

घराच्या वरच्या मजल्यावर एकच लांबलचक खोली होती. ती पडद्यांनी गिळली. छताला हूक, हुकांना दोऱ्या, दोऱ्यांना पाइप आणि पाइपांवर पडदे. लेकीचं लग्न ठरलं तेव्हासुद्धा पाहुण्यांना झोपायला ती खोली मिळाली नाही. व्याही खालच्या खोलीत दाटीवाटीनं झोपले आणि सकाळी मान अवघडून उठले. त्यावरून मी ह्यांच्याशी किती दिवस अबोला धरला होता ते ह्यांनाच विचारा.

पण दर रविवारी ती खोली सगळ्या गावाला उघडी असायची. जिना चढून येईल त्यानं यावं, हवा तो पडदा सांगावा. हे पाइप फिरवून पडदा खाली सोडायचे, पुढे खुर्ची मांडायचे आणि म्हणायचे, "बसा." फोटो ज्याचा त्यानं आपल्या फोनवर काढायचा. कुणी नुसतं बघून निघालं, तर ह्यांचा चेहरा उतरायचा. जणू पान वाढलं होतं आणि पाहुणा न जेवता उठला.

"अहो, त्यांना बघायचं होतं, बघितलं. गेले," मी म्हणायचे.

"पडदा बघायचा नसतो गं," हे म्हणायचे. "त्याच्यापुढे बसायचं असतं."

आता मुद्द्याची गोष्ट. हे पडदे रंगवणारे लोक हुशार होते. डावीकडे जिना, उजवीकडे कुंडी, मागे झाडं, सगळं झकास काढायचे, आणि मधोमध मात्र काहीच नाही. नुसता करडा, धुकट पट्टा. कारण तिथे माणूस यायचा. मागे झाडं-फुलं काढली तर चेहऱ्यात घुसतात, म्हणून ती जागा मुद्दाम मोकळी सोडायची. विमानाच्या पडद्याला तर चक्क भोक होतं. मागून जाऊन त्यात तोंड घालायचं, की तुम्ही वैमानिक. ही अक्कल मला ह्यांच्यासोबत राहून आली, दुसरी कुठलीही कमाई नाही.

मग छत गळायला लागलं. एकदा दुरुस्त केलं, पुन्हा गळलं. राजवाड्याच्या पडद्यावर बुरशीचे ठिपके आले आणि हे दिवसभर जेवले नाहीत. त्यात ह्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, घागरसुद्धा उचलायची नाही. इथे एकेक पाइप उचलायला दोन माणसं लागायची. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, आता कुणाच्या तरी हाती सोपवा ते. तुमच्यानंतर आईनं काय करायचं?"

"पेटवून देईन," मी मागून ओरडले. हे हसले नाहीत.

ह्यांनी कॉलेजांना विचारलं, नाट्यगृहांना विचारलं, ग्रंथालयांचे उंबरे झिजवले. सगळ्यांनी कौतुक केलं आणि हात झटकले. शेवटी संग्रहालय हो म्हणालं. संचालिकाबाई स्वतः घरी आल्या. वागायला नेमस्त, साडीला इस्त्री अशी कडक की बसताना आवाज यावा. पण आल्या त्या एका बुधवारी. रविवारी आल्या असत्या तर पुढचं सगळं टळलं असतं. त्यांनी रिकाम्या खोलीत टांगलेले पडदे पाहिले, मान डोलावली आणि सांगितलं, की आधी तीन पडदे नेऊ, दुरुस्त करून प्रदर्शन भरवू, आणि प्रदर्शनाच्या दिवशी बाकीच्या पडद्यांच्या करारावर सही करू.

हे त्यांना तासभर समजावत होते. हवेतला ओलावा किती हवा, ऊन का लागू द्यायचं नाही, रंग सरसात कालवलेला असल्यामुळे ओला फडका का फिरवायचा नाही. सगळं सांगितलं. त्या गेल्यावर हे पोरासारखे खूश होते. "आपण गेल्यावरसुद्धा लोक बसतील," हे मला म्हणाले. ह्यांना एवढंच हवं होतं. दुसरं काही नाही.

आणि मग ती संध्याकाळ.

मोठा हॉल, गार हवा, भिंतीवर नेमके पाडलेले दिवे. जिन्याचा पडदा मधल्या भिंतीवर, पुढे जाडजूड दोरी आणि दोरीपाशी रखवालदार. जिना होता. कुंडी होती. झाडं होती. आणि मधोमध, माणसाच्या जागी, कारंजं होतं. तीन थरांचं. पाणी वर उडतंय, खाली पडतंय, कडेला दोन पांढरी कबुतरं पाणी पिताहेत.

"मधला भाग पूर्ण उडून गेला होता," बाई सांगत होत्या. "आमच्या तज्ज्ञांनी कितीतरी महिने काम केलं. त्या काळातल्या बागांचा अभ्यास करून त्यांनी हे कारंजं ठरवलं. जुना रंग कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो, ओळखून दाखवा बघू."

बाजूला विमान होतं. त्याचं भोक बेमालूम शिवलं होतं आणि त्यावर एक वैमानिक काढला होता. मिशीवाला.

"हा कोण?" मी विचारलं.

"एका जुन्या फोटोवरून घेतलाय."

तिसरा तळ्याचा पडदा. तळ्याच्या काठावर, बसायच्या जागी, आता हरिण होतं.

ह्यांचं ते "छान झालंय" तेव्हाचं. मी ह्यांचा दंड धरला आणि चहाच्या टेबलामागे नेलं. बिस्किटं मांडणारा मुलगा घाबरून बाजूला झाला.

"छान झालंय?"

"हळू बोल."

"हळू बोलण्यासारखं काही राहिलंय का? पाण्यानं निघेल ते?"

"नाही. तैलरंग दिसतोय. काढायला गेलं तर खालचंही जाईल."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? झालं ते झालं. मन लावून केलंय त्यांनी."

"आणि तुम्ही तासभर ओलावा नि ऊन सांगत बसलात, तेव्हा ही मधली जागा माणसाची आहे, एवढं सांगायला जीभ झडली होती?"

ह्यांनी माझ्याकडे खरोखर आश्चर्यानं पाहिलं. "त्यात सांगायचं काय? दिसतंच की."

"तुम्हाला दिसतं. त्यांना भोक दिसलं."

हे गप्प झाले. ह्यांचं हे गप्प होणं मी आयुष्यभर पोटात घालत आले आहे. बोनस बुडाला तेव्हा गप्प, भावानं वाटणीत फसवलं तेव्हा गप्प. मला वाटलं, आता चहाचा कप उचलून आपटावा.

"बाकीचे पडदे वरच्या खोलीत अजून दोन पावसाळे काढायचे नाहीत," हे शेवटी म्हणाले. "तिथे बुरशी आहे, इथे कारंजं आहे. कारंजं परवडलं. निदान कापड तरी राहील."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलं की मला जास्त राग येतो. कारण ह्यांचं खरं होतं. आमच्याकडे छत नव्हतं, पाठ नव्हती, दुसरं कुणी घेणारं नव्हतं.

भाषणं झाली. बाईंनी ह्यांना दानशूर म्हटलं, रसिक म्हटलं, आणि पुढे बोलावलं. टेबलावर करारनामा होता. हे गेले. पेन हातात घेतलं. टोपण काढलं.

मी काही ठरवून केलं असं म्हणणार नाही. मी पहिल्या रांगेतली एक खुर्ची उचलली, दोरीखालून आत सरकवली आणि कारंज्यापुढे ठेवली. रखवालदार धावत आला. "मॅडम, दोरीच्या आत जायचं नाही."

"मी नाही जात," मी म्हटलं. "तुमच्या बाई जातील. बाई, या ना. एवढं काम केलंत, पडद्यापुढे तुमचा एक फोटो नको का?"

सगळ्यांसमोर नाही कशा म्हणणार? त्या आल्या. दोरी ओलांडली, पदर सारखा केला, खुर्चीत बसल्या आणि हसल्या. मी फोन धरला, नेम धरून मधोमध धरला, आणि फोटो काढला. मग तो फोन आधी त्यांना दाखवला नाही. पहिल्या रांगेला दाखवला.

फोटोत बाईंच्या टाळूतून पाण्याची धार वर उडत होती. दोन्ही कानांवरून पाणी खाली ओघळत होतं आणि खांद्यावर बसून कबुतरं ते पीत होती.

पहिला हसला तो एक म्हातारा गृहस्थ. त्यानं फोन शेजारच्याला दिला. मग फोन रांगेरांगेनं मागे गेला आणि हसू त्याच्याबरोबर गेलं. फोन परत आल्यावर मी तो बाईंच्या हातात ठेवला. त्यांनी पाहिलं. मान वळवून पडद्याकडे पाहिलं. पुन्हा फोटो पाहिला. मला वाटतं, त्यांना तेव्हा कळलं. पण कळलं म्हणून माणूस कबूल करतो असं थोडंच आहे.

"हा पोरकटपणा आहे," त्या उठत म्हणाल्या. "पडद्यापुढे बसणं वगैरे जुन्या काळी ठीक होतं. आता ही कलाकृती आहे. हिच्यापुढे कुणी बसणार नाहीये."

मी तोंड उघडलं होतं. पण आधी हे बोलले. टेबलापाशी उभे होते, पेन तसंच हातात.

"कुणीच नाही?" ह्यांनी विचारलं.

"अर्थातच नाही, सर. जतन करायचं म्हणजे हेच तर असतं."

ह्यांनी पेनाला टोपण लावलं, ते करारनाम्यावर आडवं ठेवलं आणि म्हणाले, "मग राहू दे."

एवढंच. आवाज चढला नाही. जन्मभरात पहिल्यांदा ह्यांना मी कुणाला नाही म्हणताना ऐकलं. ते तीन पडदे आधीच सहीनिशी दिलेले होते, त्यामुळे जिना, विमान आणि तळं तिथेच राहिले. बाई म्हणाल्या, "बाकीचे दुसरं कुणी घेईल असं वाटतंय का तुम्हाला?" ह्यांनी त्यांना नमस्कार केला आणि दाराकडे वळले.

घरी येताना मी खरं तर जिंकल्यासारखी असायला हवी होते. उलट मला धडकी भरली होती. आता काय? छत तेच, पाठ तीच. माझ्या रागानं ह्यांच्या पडद्यांचं शेवटचं दार बंद केलं होतं, आणि हे मला एका शब्दानं बोलत नव्हते. बोलले असते तर बरं झालं असतं.

रविवारी नेहमीसारखी माणसं आली. ह्यांनी पहिला पडदा खाली सोडला. एक सलूनवाला बायकोला घेऊन आला होता. दोघं बसले, फोटो निघाला. आणि हे त्याला म्हणाले, "आवडला? मग घेऊन जा. दुकानात लाव."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"पण अट एकच," हे म्हणाले. "पुढे खुर्ची ठेवायची. आणि मधे काही रंगवायचं नाही."

दुपारपर्यंत अर्धी खोली रिकामी झाली. राजवाडा दातांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत गेला. बागेचा एका शाळेत, समुद्राचा शिंप्याकडे. मी स्वयंपाकघरातून वर, वरून स्वयंपाकघरात, आणि प्रत्येक फेरीला माझा पारा चढत होता. शेवटी मी ह्यांना भिंतीशी गाठलं.

"संग्रहालयाला दिले नाहीत, आणि सलूनवाल्याला देताय? तिथे केस उडतील त्यावर. शाळेत पोरं पेन्सिलीनं मिशा काढतील. किती दिवस टिकतील ते?"

"नाही टिकणार," हे म्हणाले.

"मग?"

"अगं, मला वाटायचं मी वाचवतोय. आठवड्यातून एक दिवस सोडला तर ते इथेसुद्धा गुंडाळलेलेच असायचे." ह्यांचे डोळे भरले होते. "संपू देत. पण माणसं बसवून संपू देत."

मी म्हटलं ना, उत्तर नसलं की मला जास्त राग येतो. मी खाली निघून गेले आणि भांडी आपटत घासली. तीस वर्षं ज्या गुंडाळ्या मी शिव्या घालत जिन्यातून चढवल्या, त्या उतरताना मला बघवत नव्हत्या. मला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाही राग येत होता.

संध्याकाळी फक्त चंद्राचा राहिला. गावाबाहेर म्हाताऱ्या माणसांचं एक घर आहे, ते चालवणारी बाई टेम्पो घेऊन आली होती. मी खिडकीतून पाहिलं. बाई आणि टेम्पोवाला मिळून रस्त्यावरच पडदा पाइपवर गुंडाळत होते. आणि रंगाची बाजू आत.

"थांबा!" मी जिन्यातून धावले. एक चप्पल वरच राहिली. "रंग बाहेर! रंग आत घालून गुंडाळला तर चुरगळतो, तडकतो, एवढंही कळत नाही? आणि एवढा आवळून? कुणी शिकवलं तुम्हाला?"

टेम्पोवाला म्हणाला, "मावशी, कापडच तर आहे."

त्याला मी जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळा पडदा पुन्हा उलगडला, स्वतःच्या हातानं गुंडाळला आणि त्यांच्या भरवशावर सोडवेना म्हणून पाइप धरून टेम्पोत बसले. हे वर खिडकीत उभे होते. मी ह्यांच्याकडे पाहिलं नाही.

तिथे हॉलमध्ये दोन खिळे चुकीच्या ठिकाणी ठोकले होते. ते उपटायला लावले. पडदा उन्हाच्या भिंतीवर टांगत होते, तो दुसरीकडे टांगायला लावला. भोवती म्हातारी माणसं जमली होती. पडदा खाली सुटला, चंद्र आला, ढग आले, मधे ती करडी मोकळी जागा. आणि एक वाळकी म्हातारी हात धुऊन आलेली, ओल्या तळव्यानं सरळ त्या मोकळ्या जागेवर हात फिरवायला लागली. सरसाचा रंग. तिच्या बोटांखाली पांढरा ओघळ उतरला.

"हात काढा!" मी कडाडले. सगळा हॉल दचकला.

म्हातारी वळली. ती काही दचकली नव्हती. "कुणावर ओरडतेस?" ती म्हणाली. "बघत होते इथं काय पुसलं गेलंय ते."

"काही पुसलेलं नाही. ती जागा तुमची आहे. तिथे बसायचं असतं."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

तिनं खुर्ची स्वतःच ओढली, पाय पुढे टाकून बसली, पांढरे केस दोन्ही हातांनी चापून बसवले आणि माझ्याकडे अशी रागानं बघायला लागली, की जणू मी तिचं काहीतरी देणं लागते. करड्या पट्ट्यावर तिचा चेहरा स्वच्छ उठून आला. सुरकुती न् सुरकुती. डोक्यावर काही नाही, कानाशी काही नाही. चंद्र बाजूला, तिला जागा देऊन.

"बघत काय बसलीस? काढ की," ती म्हणाली.

मी फोन काढला. नेम धरून मधोमध धरला.

"हलू नका," मी तिच्यावर खेकसले.